हळद लावलेलं टोक

दोन गोष्टी मला पक्क्या आठवतात. एक म्हणजे मी त्या माणसाविरुद्ध ऑफिसात लिहून दिलेलं टिपण. दुसरी म्हणजे चूक त्याची नव्हती, माझी होती, हे मला कळलं तो दिवस. यातलं आधी काय घडलं, तेवढं मात्र आठवत नाही.

आधी टिपण दिलं आणि मग कळलं, असं असेल तर मी चुकलो, एवढंच. आधी कळलं आणि तरीही टिपण दिलं, असं असेल तर मी एका माणसाची नोकरी आणि गावातलं नाव जाणूनबुजून घालवलं. इतकी वर्षं मी पहिलंच धरून चाललो होतो. कुणी विचारलं नाही, त्यामुळे कुणाला सांगावंही लागलं नाही. बायको गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं आणि हा प्रश्न डोकं वर काढू लागला. डॉक्टर म्हणाले, या वयात आठवणींची सरमिसळ होते. पण टिपण दिलं त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पिवळ्या रंगाचा टीपकागद होता हे मला आठवतं. साहेबांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती, हेही आठवतं. सरमिसळ फक्त नेमक्या त्याच जागी कशी होते, ते मला समजत नाही.

आधी काय आणि नंतर काय हे ठरवणं, हाच माझा आयुष्यभराचा धंदा. उमेदीची काही वर्षं साताऱ्याच्या एका ऑफिसात काढली. ऑफिसचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोष त्याचा नाही. पुढे सांगलीला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. आता विश्रामबागेत राहतो आणि कुणी बोलावलं तर मुलांबरोबर खडक बघायला जातो.

गेल्या हिवाळ्यात असंच एका कॉलेजने साताऱ्याच्या पलीकडच्या घाटात नेलं होतं. रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापला होता, ताजी भिंत उघडी पडली होती. मी नेहमीचं सांगत होतो. खडकाला वय विचारता येत नाही, पण थोरला कोण आणि धाकटा कोण एवढं नुसत्या डोळ्यांनी कळतं. आपल्याकडचा लाव्हा भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर बसलेला आहे. खालचा थर थोरला, वरचा धाकटा. लाव्हा निवताना त्यातले बुडबुडे वर चढतात आणि माथ्याशी अडकतात, म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा असतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. पोट आणि पाय मात्र काळा, घट्ट. थर बराच काळ उघडा राहिला की त्याच्या माथ्याची माती होते, आणि वरून पुढचा लाव्हा आला की ती माती विटेसारखी भाजून लाल होते. म्हणजे वरून खाली बघत आलात तर काळा पाय, मग लाल पट्टा, मग खालच्या थराचा मांजऱ्या माथा. हा क्रम चुकत नाही.

मग एक उभी काळी भिंत दाखवली, सगळ्या थरांना चिरत वर गेलेली. कापणारा हा कापलेल्यापेक्षा धाकटा. त्या भिंतीच्या पोटात जुन्या खडकाचा एक तुकडा अडकलेला होता. गिळलेला हा गिळणाऱ्यापेक्षा थोरला.

"म्हणजे सर, सकाळी खाल्लेली भाकरी माझ्यापेक्षा थोरली," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो.

तेवढ्यात पुढे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, दोन खडक आहेत, पण एकमेकांना टेकतच नाहीत. एक या डोंगरात, एक त्या. मग आधीचा कोणता?"

"मग सांगता येत नाही."

"अजिबातच नाही?"

"कुठेतरी टेकत असतील. ती जागा शोधायची."

उत्तर बरोबर होतं, दरवर्षी देतो तेच. पण परतीच्या बसमध्ये ते माझ्याच अंगावर आलं. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, आणि मी आपला विचार करतोय की माझ्या त्या दोन गोष्टी कुठे टेकत असतील.

आता मूळ प्रकार सांगतो.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात, एका गावाजवळ तळं बांधायचं ठरलं होतं. बांधाखाली खडक कसा आहे हे बघायला आम्ही यंत्राने भोकं पाडत होतो. यंत्रातून खडकाच्या कांड्या निघतात, मनगटाएवढ्या जाड. त्या निघाल्या त्याच क्रमाने लाकडी पेटीत मांडायच्या असतात, वरचं टोक वर राहील अशा. पेटी हीच सगळ्याची साक्ष. तिच्यावरून मी नोंद लिहायची, आणि नोंदीवरून बांधाखालचा चर किती खोल घ्यायचा ते ठरायचं. चर घट्ट खडकापर्यंत गेला नाही तर पाणी खालून निघून जातं.

पेट्या सांभाळायला एक माणूस रोजंदारीवर होता. त्याच गावचा, मेंढपाळांच्या घरातला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला 'ए पेटीवाल्या' म्हणायचो. शाळा फारशी शिकलेला नव्हता, पण हाताला शिस्त होती. कांडी बाहेर आली की कमरेच्या चंचीतून चिमूटभर हळद काढायचा, तेलात भिजवून कांडीच्या एका टोकाला बोट लावायचा आणि मगच ती पेटीत ठेवायचा. मला वाटलं ही पूजा. त्यांच्या देवाला हळद चालते हे मला माहीत होतं, म्हणून मी आणखी काही विचारलं नाही. शहाणा माणूस होतो ना मी, पहिल्या वर्गात पास झालेला.

एकदा तो दोन दिवस जत्रेला गेला. त्याच दोन दिवसांत मला नोंद संपवायची घाई होती. कांड्यांवर धूळ, ग्रीस, वर ती हळद. आमच्यात कुठलाही खडक बघायचा म्हणजे आधी ओला करायचा, त्याशिवाय दाणा उठत नाही. मी बादली घेतली, साबणाचा चुरा टाकला, एका पेटीतल्या सगळ्या कांड्या काढून ब्रशने घासल्या आणि गोणपाटावर उन्हात वाळत घातल्या. मग स्वतःच्या हाताने पुन्हा भरल्या. मजुराकडून करून घेतलं नाही याचा मला अभिमान वाटला होता.

त्या भरण्यात कांड्यांची एक अख्खी ओळ उलटी बसली. खरा क्रम काळा, लाल, मांजऱ्या असा होता. माझ्या पेटीत मांजऱ्या वर, मग लाल, मग काळा. मी तशीच नोंद केली. मांजऱ्याच्या खाली लाल कसा, हे एखाद्या विद्यार्थ्यानेही विचारलं असतं. मला शंका आली होती, पण मी ती 'स्थानिक फरक' असं लिहून मिटवली.

चर खणताना काळा खडक अपेक्षेपेक्षा लवकर लागला. सगळ्यांना बरं वाटलं. माझ्या नोंदीत तळाशी काळाच होता, म्हणून चर तिथेच थांबवला. खाली लाल पट्टा आणि चाळणीसारखा मांजऱ्या तसाच राहिला.

तळं भरलं आणि दिवाळीच्या आधीच रिकामं झालं. पुढच्या वर्षीही तेच. मग चौकशी झाली, नवं भोक पाडलं, पेटी उघडली आणि ओळ उलटी असल्याचं सगळ्यांना दिसलं. उलटी कुणी केली, एवढाच प्रश्न उरला. साहेब म्हणाले, "पेट्या कोण भरायचं?" मी खरं तेच सांगितलं, पेट्या तो भरायचा. ते म्हणाले, "तसं लिहून द्या." मी लिहून दिलं: नमुने हाताळणाऱ्या रोजंदारी मजुराने कांड्या उलट लावल्यामुळे नोंद चुकली. त्याला काढून टाकलं. मला साधी ताकीदही मिळाली नाही.

आणि दुसरी आठवण अशी. साताऱ्याच्या ऑफिसमागचं गोदाम. मी एकटा, हातात भिंग, समोर मांजऱ्याची एक कांडी. ब्रश न पोचलेल्या एका खोल भोकात पिवळं काहीतरी दिसतंय. हळद. पेटीत जे टोक खाली होतं, नेमक्या त्या टोकाला. म्हणजे त्याने हळद वरच्या टोकाला लावलेली होती, त्याची कांडी बरोबर बसलेली होती, आणि ती उलटी झाली ती धुतल्यानंतर. माझ्या हातून.

ती कांडी मी घरी आणली. तेव्हापासून ती माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला आहे. का आणली ते आठवत नाही. चोर वस्तू आणतो तशी आणली असेल.

घाटातून आल्यावर आठवडाभराने मी फिरस्तीच्या जुन्या वह्या काढल्या. ऑफिसात द्यायचं काहीही मी आधी वहीत कच्चं लिहायचो. त्या टिपणाचा मसुदा सापडला, शाईच्या पेनाने लिहिलेला. अक्षर सुरेख आहे माझं. पण मधल्या तीन ओळींत शाई फुटलेली होती, अक्षरांना बारीक मुळ्या फुटल्यासारखी. बाकी पानावर शाई स्वच्छ.

शाई अशी कधी फुटते ते शाळेत जाणारं पोरही सांगेल. कागद रबराने खोडला की त्याची लोकर निघते, आणि तिच्यावर शाई पसरते.

मी वही खिडकीशी नेली, तिरकी धरली. खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा कागदात दबलेल्या असतात. एक कांडी दिसली. तिच्या टोकाशी एक गोल भोक. भोकाशेजारी वर जाणारा बाण, आणि बाणाजवळ एकच अक्षर: ह.

इथे टेकत होत्या तर त्या दोन गोष्टी, वहीच्या एका पानावर. आधी चित्र, मग खोडणं, मग त्या खोडलेल्यावर टिपण. कापणारा धाकटा. मला आधी कळलं होतं आणि मी नंतर लिहून दिलं होतं. हे मला चक्क वाचता येत होतं, तरी आतून आठवत नव्हतं. दुसऱ्याच्या अक्षरातलं वाचावं तसं वाटलं.

पण गोंधळ तिथे संपला नाही. आमच्या वह्यांमध्ये वर जाणारा बाण म्हणजे 'हे वरचं टोक'. ह म्हणजे हळद. म्हणजे चित्र काढताना मला हे माहीत होतं की हळद वरच्या टोकाला असते. मला तर ती पूजा वाटत होती. मग ही माहिती त्या चित्राच्या पोटात आली कुठून? गिळलेला थोरला. चित्राच्याही आधीचं काहीतरी होतं, आणि त्याचा माझ्या डोक्यात मागमूस नव्हता.

विचारण्यासारखा एकच माणूस होता. तो जिवंत आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं.

एसटीने विट्यापर्यंत गेलो, पुढे वडापच्या जीपने. कांडी पिशवीत, वही पिशवीत. गावात विचारलं तर टपरीवरच्या एकाने हसून म्हटलं, "उलट्या पेटीवालं आबा व्हय? त्या लिंबाखालचं घर." इतक्या वर्षांनी माणसाची ओळख अजून तीच होती.

तो अंगणात बाजेवर बसला होता. सून दाराशी शेंगा फोडत होती. मी कोण ते सांगितलं. त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"सायब व्हय? म्हातारं झालासा की."

"तुम्ही बरे आहात ना?"

"तवा 'ए पेटीवाल्या' म्हनायचा, आता तुमी म्हंताय. आजारीबिजारी हाय काय?"

सून हसली. मी वही काढली आणि जे काही आहे ते सांगून टाकलं. जत्रेचे दोन दिवस, बादली, ब्रश, गोदामातलं भोक, खोडलेलं चित्र. सुनेचे हात शेंगांवर थांबले.

"म्हंजे आबा," ती म्हणाली, "तुमी न्हवतं केलं?"

"तीस वर्सं ह्या घरात सांगतुया, न्हवतं केलं म्हनून."

"आवं, सगळीच म्हंत्यात न्हवतं केलं."

"बगा," तो मला म्हणाला. "घरातली ह्यी गत. भायेरची इचारू नगा."

मी म्हणालो, "एक कळत नाही मला. हळद वरच्या टोकाला असते हे मला समजलं कसं? मी तर पूजा समजत होतो."

तो बाजेवर सरळ बसला.

"कसं म्हंजे? मी सांगितलं म्हनून."

"कधी?"

"चौकशी लागली तवा साताऱ्याला आलो न्हवतो का? यस्टीनं. तुमी गोदामात हुता. म्हनलं सायब, मेंढरं वळखायला आमी रंग लावतो, तशी मी कांडीच्या वरल्या टोकाला हळद लावतो. धुतली तरी एकांद्या भोकात ऱ्हायली आसंल. भिंग लावून बगा. तुमी बगितलं. म्हनला, व्हय, हाय."

"मग?"

"मग म्हनला, मी सायबास्नी सांगतो, तू जा गावाकडं. मी आलो. पंधरा दिसांनी तुमचा कागद आला."

माझ्या आठवणीत त्या गोदामात मी एकटा होतो. अजूनही एकटाच आहे. तो सांगतो ते खरं आहे, वही तेच सांगते, आणि तरीही दाराशी उभा असलेला माणूस मला दिसत नाही. खडकांमध्ये असं असतं. दोन थरांच्या मधला एखादा थर पाण्यापावसाने पार वाहून जातो आणि उरलेले दोघे एकमेकांवर असे बसतात, जणू मध्ये काही नव्हतंच. आम्ही ती रेघ दाखवतो आणि मुलांना म्हणतो, इथे काहीतरी होतं, आता नाही. माझा तो थर कुणी वाहून नेला, मी की वयाने, हे मला ठरवता येत नाही. भोकातली हळद मीच शोधून काढली असं मला आजवर वाटत होतं. तेही त्याचंच होतं.

मी विचारलं, "तेव्हा तुम्ही कुणाकडे गेला का नाहीत?"

"कुनाकडं जानार? कागद तुमचा. माजं नुसतं त्वांड."

सुनेने चहा आणला. मी म्हणालो, मी हे सगळं लिहून काढणार आहे, तुमच्या नावासकट. त्याने हात हलवला.

"नाव नगं. कागदावर एकदा तुमी लिवलंय, तेवढं बास झालं. लिवायचं तर बिननावाचं लिवा. गावात मातूर तोंडानं सांगा. चला."

"आत्ता?"

"मग काय जत्रंला?"

त्याने सुनेकडून वाटीत हळद मागून घेतली. टपरीवर सात-आठ जण होते, त्यात मला पत्ता सांगणाराही. मी उभा राहून बोललो. वर्गात इतकी वर्षं बोललेला माणूस मी, पण वाक्यं मागे-पुढे होत होती. आधी तळ्याचं सांगितलं, मग बादलीचं, मग पुन्हा जत्रेचं. शेवटी म्हणालो, पेटी यांनी बरोबर भरली होती. उलटी मी केली. आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्या येतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. पत्ता सांगणारा ग्लास ठेवत म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. मग आता तळ्याचं काय करायचं?"

मी आपला गुन्हा घेऊन आलो होतो आणि ते अजून पाण्याचंच विचारत होते.

आबाने माझ्या पिशवीतून कांडी काढली. हाताने फिरवून बघितली, भोकं चाचपली. माझ्या टेबलावर ती इतकी वर्षं उलटीच उभी होती, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं. त्याने तिच्या टोकाला हळदीचं बोट लावलं आणि टपरीच्या बाकावर ती नीट उभी केली.

"ह्ये वर," तो म्हणाला. "हिच्यावर लाल मातीचा पट्टा, त्येच्यावर काळा. पानी जातंय ते हिच्यातनं. चर हिच्या खाली न्या, तळं ऱ्हातंय. मी तवापासनं सांगतुया."

पत्ता सांगणारा पुढे सरकला. "दाव की आबा," तो म्हणाला. बाकीचेही वाकून बघायला लागले. मला मागे सरकावं लागलं.